माझ्या वाट्याचा खडक

दादा,

बाबा गेल्यावर होडी तू घेतलीस आणि माझ्या वाट्याला समुद्राकाठच्या टेकडीवरचा उघडा खडक दिलास. "बस तिथे वारा खात," म्हणून वर हसलास. बसले.

डॉल्फिन दिसले की बाबा इंजिन बंद करायचे, पाहुण्यांना गप्प बसवायचे. डॉल्फिन आपणहून होडीपाशी यायचे. तू स्पीडबोटी आणल्यास, गाणी लावलीस, 'डॉल्फिन हमखास' अशी पाटी ठोकलीस आणि त्यांच्या मागे हात धुऊन लागलास.

आता तुझ्या बोटी सुटल्या की डॉल्फिन घाबरून माझ्या खडकाखालच्या पाण्यात येतात. तिथे दगडांमुळे बोटी शिरत नाहीत. मी वर बाकं टाकलीत, दुर्बिणी भाड्याने देते. तुझेच वैतागलेले प्रवासी टेकडी चढून येतात. परवा तू पाटीवरचं 'हमखास' खरवडत होतास, तेही दुर्बिणीतून छान दिसलं.

मी मासे टाकून डॉल्फिन फितवते, असं तू सगळ्यांना सांगतोस म्हणे. सांग बापडा.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर इंजिनं बंद करशील, आणि डॉल्फिन तुझ्याकडे परत येतील. त्यापेक्षा पळव बोटी. अजून जोरात पळव.

तुझी,
वारा खाणारी बहीण