ओला वेत थांबत नाही

दि. ९ मार्च, सायंकाळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मी, तुझा जन्मदाता, वय वर्षे शहात्तर, धंदा खुर्च्यांना वेत विणणे, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्ण शुद्धीत लिहवतो की, येथे सर्व क्षेम आहे. सूनबाईंची पाठदुखी कमी झाली असावी.

तुझा निरोप पोहोचला. "तिला म्हणावं, खातं परत सुरू कर, नाहीतर रविवारी येऊन घरी घेऊन जाईन." कॉलेज संपवून माझ्याकडे राहायला आलेल्या तुझ्या मुलीने माझ्या कामाच्या चित्रफिती इंटरनेटवर दाखवणे बंद केले, याचा तुला राग आला. हजारो लोक पाहत होते, हे खरे. शेजारचे शिंपीबुवा मला "काय हिरो!" अशी हाक मारीत. मला ते आवडत असे, हेही नाकारत नाही.

परंतु ओला वेत कॅमेऱ्यासाठी थांबत नाही. "आजोबा, हात जरा पुढे, उजेड येऊ दे" असे ती म्हणेपर्यंत तो वाळे आणि विणताना कडकन तुटे. आता ती स्वतः वेत भिजवते, स्वतः विणते. तिच्या दोन मैत्रिणींनीही आपापली खाती बंद केली. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून तिघी इतक्या हसतात की शिंपीबुवांचे माप चुकते.

खरे कारण सांगायचे मी टाळत होतो. अक्षर पाहून तू ओळखलेच असशील. सांगतो मी, लिहिते ती. माझा हात थरथरतो. चित्रफितीत तो कधीही थरथरला नाही. तेवढा भाग ती कापून टाकी. एके दिवशी फोन खाली ठेवून म्हणाली, "आजोबा, लोक ज्या हाताला वाहवा म्हणतात, तो तुमचा नाहीच. मला नाही जमत आता हे. त्यापेक्षा मला शिकवा."

पुढचे लिहायला ती तयार नाही. "आजोबा, हे मी नाही हं लिहिणार!" मी म्हटले, "सांगतो ते लिही." इतक्या लोकांनी डोक्यावर घेतलेले असताना आपण होऊन खाली उतरण्याची हिंमत तुझ्यात नाही, माझ्यातही नव्हती. तुझ्या मुलीत आहे.

तेव्हा रविवारी अवश्य ये. तिला न्यायला नव्हे, तिचे काम पाहायला ये.

खालील सही माझ्या हातची आहे. वाकडी आली आहे. ती तशीच ठेवण्यास मी सांगितले आहे.

तुझा बाप

समक्ष हजर: नातीच्या दोन मैत्रिणी, आणि शेजारचे शिंपीबुवा, नातीने विणलेल्या पहिल्या खुर्चीवर बसून.