बाबाच्या मुंड्यावरची सायकल

मंगळवार, ५ मार्च ६३
रजा मंजूर. दुपारी माहेरी पोचली.
सोमवारी बाबाची सिडोली. जाऊन दोन वर्षं झाली, आता त्याले वाडवडिलांत बसवायचं. बोकड, ढोलक, नाच, सारं ठरलं. अडलं ते मुंड्यापाशी, म्हणजे त्याच्या नावानं रोवायच्या खांबापाशी. आम्हा कोरकूंत सागाच्या खांबावर सूर्य, चंद्र अन् खाली घोडेस्वार कोरतात. बाबाले कुठला आला घोडा! सुतारानं मायले विचारलं, तर ती फटकन म्हणे, "सायकल काढ."
मी हसून लोळली. मग वाटलं, खरंच की!

बुधवार, ६
मोठे काका, म्हणजे बाबाचे थोरले भाऊ, तणतणत आले. मुंडा त्यांच्याच हातानं रोवायचा, म्हणून त्यांचं ऐकावंच लागतं. सायकल कशीबशी पटली. पण माय म्हणते, माणूस बाजूले पायी चालता काढा. बाबा कधी बसलाच नाही तिच्यावर! नांदुऱ्याहून जुनी आणली अन् दहा वर्षं हातात धरून तहसिलीत नेली. कॅरिअरवर गावाचे अर्ज, हँडलले कोणाच्या भाकरी.
काका : "बाजूले उभा? वाडवडील म्हणतीन, कोन्या सायबाचा नोकर आला सायकल धराले!"
माय : "म्हणू द्या."
"मह्या भावाले नोकर म्हणू देऊ?"
न जेवताच गेले.

गुरुवार, ७
दिवसभर अंगणात माणसं. ज्याच्या त्याच्याजवळ बाबाची एक गोष्ट. शिक्षण दुसरी, नाव वकीलबाबा! तहसिलीत साहेब ओरडले की म्हणायचा, "तुमी बोलून घ्या सायेब, मले घाई नाई." मग साहेबच दमायचे. गावाच्या गुरांचा चराईचा परवाना असाच बसून बसून मिळवला.
एकदा मी विचारलं होतं, "सायकलवर बसत काऊन नाई?"
"मंग संगच्या लोकायनं मागं पळावं का?"
मायले हे सांगितलं तर पोट धरून हसली. "काई नाई वो, नाल्यात पडला होता!"
दोन्ही खरं असेल. फार आठवण येते त्याची.

शनिवार, ९
सूर्य, चंद्र, दोन चाकं झाली. माणसाची जागा कोरीच. परवा सिडोली, अन् सुतार हातावर हात ठेवून बसला.
चारच्या सुमारास काका आले. "बाजूचा मानूस कसा बावळट दिसते, दाखोतोच तुमाले." भिंतीले टेकलेली बाबाची सायकल ओढली, हँडल धरलं अन् अंगणात चालू लागले. मान डावीकडे, खांदा जरा खाली, संगचा कोणी गाऱ्हाणं सांगून राह्यला अन् आपण ऐकून राह्यलो...
कोणी हसेना. माय उठून उभी राहिली. बाबाच!
काका थांबेनात. दोन चकरा. तीन.
सुतार हळूच म्हणे, "मंग दादा? बसोवू का चालता काढू?"
काकांनी बाहीनं डोळे पुसले अन् सायकल हातात धरून फाटकाबाहेर गेले, तहसिलीच्या रस्त्यानं.
दिवे लागले. अजून आले नाहीत. सुतारानं पटाशीले धार लावून ठेवली. मी दारात जाऊन जाऊन पाहते.
माय चुलीपासून म्हणते, "येतीन वो. पायी गेले, येळ तं लागनच."