गेशेची खिडकी

९ ऑक्टोबर १८५७
पोहोचलो एकदाचा अमेरिकेत! हॅम्बुर्गहून सात आठवडे समुद्र, मग मिलवॉकीपासून दोन दिवस बैलगाडी. ही वही बोटीवरच्या पाद्रीबुवांनी दिली. म्हणाले, डेटलेफ, सारखे काळजी करत बसता, त्यापेक्षा लिहून काढत जा. शाळा माझी तीनच हिवाळ्यांची, पण अक्षर लागतं.

वीबके गळ्यात पडून रडली. लेकीचे हात किती राठ झालेत! जावई हिनरिक म्हणाला, काय बाबा, बोट बुडाली नाही म्हणून वाईट वाटलं का? तो असाच आहे. नात लेना नऊ महिन्यांची, गुबगुबीत, दोन दात. तिनं थेट माझी मिशीच धरली.

घर हिनरिकनं स्वतः बांधलं. पहिला हिवाळा तिघांनी टेकडीत खणलेल्या खड्ड्यात काढला. मग हे उभं राहिलं: ओकचा सांगाडा, मध्ये माती नि पेंढ्याच्या भिंती, थेट आपल्या गावासारखं. पुढे चुलीची मोठी खोली, मागे एक लहान. लहान खोली मला दिली. माझी बायको गेशे जानेवारीत तिथेच गेली. पलंगाशेजारच्या खिडकीवर आतून फळ्या ठोकल्या आहेत. हिनरिक म्हणाला, वारा येतो.

२५ ऑक्टोबर
बटाटे तळघरात गेले, कोबी मिठात पडला. गेशेच्या कबरीवरचं गवत काढलं.

दोन वर्षांपूर्वी ती लेकी-जावयाबरोबर निघाली तेव्हा मी म्हटलं, तू हो पुढे, शेत विकून आलोच. शेत महिन्याभरात विकलं गेलं. हे इथे कुणाला माहीत नाही. मी समुद्राला घाबरलो. ती गेल्याचं पत्र आलं, तेव्हा कुठे बोटीत पाय ठेवला.

आणि ती अंधाराला भिणारी. चाळीस वर्षांत गोठ्यातसुद्धा एकटी गेली नाही. हात पुढे करून म्हणायची, चल ना, डेटलेफ. मी कुरकुरत जायचो.

१९ नोव्हेंबर
जमीन दगड झाली आहे. लेना खात नाही. वीबके म्हणते, दात येताहेत हो, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता.

पण आज दुपारी ती पाळण्यात झोपली होती आणि उजवा हात वर होता. सरळ वर, मूठ मिटलेली, जसं कुणाचं बोट धरलं आहे. मी हात खाली केला. पुन्हा वर गेला. डावा हात उबदार होता. हा बर्फासारखा.

२ डिसेंबर
हात आता रोज वर जातो. पोरीची नुसती हाडं राहिली. हिनरिक थट्टा करायचा थांबला आहे.

आज वीबकेला सरळ विचारलं, आई गेली तेव्हा खिडकी उघडली होती ना? माणूस गेलं की डोळे मिटायच्या आधी खिडकी उघडतात, जीव बाहेर पडावा म्हणून. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. वीबके पिठाच्या हातानेच खाली बसली. म्हणाली, तीन दिवस वादळ होतं बाबा, सरपण संपलं होतं आणि लेना एका दिवसाची होती. उघडली असती तर पोर राहिली असती का? मग पुढे उघडायचा धीरच झाला नाही. हिनरिकनं फळ्या मारल्या. जमीन खणता येईना, म्हणून आईला एप्रिलपर्यंत माळ्यावर ठेवलं.

मी नाही नाही ते बोललो तिला. कुठल्या तोंडाने बोललो? मी कुठे होतो तेव्हा?

९ डिसेंबर
हिनरिक डॉक्टरला आणायला गेला. तासाभरात बर्फ सुरू झालं. आता वाट बंद. लेना दूधही घेत नाही.

१० डिसेंबर
दुपारी फळ्या काढल्या. वीबके लेनाला रजईत गुंडाळून चुलीपाशी बसली. म्हणाली, उघडा बाबा, लवकर उघडा.

काचेला आतून हिम धरलं होतं. त्यावर पंजा उमटलेला. फळ्यांच्या मागे, जिथे कुणाचा हात पोचणारच नाही. करंगळी वाकडी. गेशेची करंगळी विळ्याने कापली होती, तेव्हापासून वाकडीच.

खिडकी उघडली. म्हटलं, जा गेशे, वाट मोकळी आहे. शंभरपर्यंत आकडे म्हटले. बाहेर नुसतं पांढरं. मग लावून घेतली.

लेनाचा हात वरच.

११ डिसेंबर
पुन्हा उघडली. काही नाही. पाळणा चुलीपाशी होता, सकाळी माझ्या दाराशी. वीबकेनं हलवला नाही. मीही नाही.

लेना आता रडतही नाही —

१२ डिसेंबर
कळलं मला. ती एकटी जाणार नाही. गोठ्यात गेली नाही कधी, तिथे कशी जाईल? कुणाचा तरी हात हवा. सापडला तो लेनाचा —

देवा, पोर नको.

१३ डिसेंबर
वीबके बसल्या बसल्या झोपली. उठवत नाही. लेना चुलीपाशी. दार फटीएवढं उघडं ठेवलं आहे, तिचा हात दिसावा म्हणून. खिडकी सताड. मी कोट काढून पलंगावर.

वीबके, तुझं चुकलं नाही. हिनरिकला सांग, या वेळी बाबा घाबरले नाहीत. खोटं आहे ते, पण सांग.

डावा हात पुढे केला. म्हटलं, गेशे, पोरीला सोड. मी आलोय. उशीर केला, पण आलोय.

काही नाही.

पुन्हा म्हटलं. चल ना, गेशे —

लेनाचा हात खाली पडला. रडली! भुकेनं रडते आहे, केवढ्यानं —

माझी बोटं गार — करंगळी वाकडी, लागते आहे हाताला — किती घट्ट धरते — ऊठ म्हणते — हो, एवढं लिहून — वीबके, मी गेलो की खिडकी लाव, पोरीला वारा —