पळसबोडीची पिवळी माती

चंद्रपूर,
७ मे २००९

प्रिय प्रफुल,

सलाम आणि जयभीम. इकडे सगळं ठीक. खातूनचे गुडघे आता उन्हाळ्यातही दुखतात. लेक अरीबा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी जेवायला न येता तू परस्पर स्टेशनवर गेलास, याचा खातूनला राग आहे. मला नाही. आला असतास तर हे तुझ्या तोंडावर बोलावं लागलं असतं.

तुझं प्रशिक्षण झकास झालं. पाटबंधारे खात्याचे आम्ही चाळीस लोक तीन दिवस पंख्याखाली बसून शिकलो की पाऊस आता लहरी होणार आणि नुसत्या सिमेंटने भागणार नाही; काठचं जंगल, पाण्यात आपोआप उगवणारं देवधान, मासे, तळाची माती, या सगळ्यामुळे तलाव पाणी धरतो. शेवटी प्रमाणपत्रंही मिळाली. माझं मी कपाटात कपड्यांखाली ठेवलंय.

तू पडद्यावर पळसबोडीचा तलाव दाखवलास. अकरा वर्षांपूर्वी आपण दोघांनी तो खोल केला आणि त्यात पुन्हा पाणी टिकलं नाही, हे भर सभेत कबूल केलंस. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणालास. टाळ्या पडल्या. मग त्याच तलावावर मासे धरणाऱ्या इसरू ढिवराला शाल-नारळ दिलास. ज्याचा तलाव घालवला त्याला शाल, तीही चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये. मला हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

प्रफुल, मला ठाऊक होतं.

अंदाजपत्रकात सगळीकडे एक मीटर खोदाई होती. इसरूने मला तलावाच्या पाळीवर अडवलं. त्यांची रीत अशी, की बांबू गाळात खुपसायचा आणि वर काढून टोक बघायचं. टोकाला पिवळी चिकण माती लागली की तिथे थांबायचं. ती माती पाणी धरते, तिच्याखाली नुसता मुरूम. मधल्या भागात ती हातभरावरच होती. त्याने टोक दाखवलं, मी बोटाने चाचपलंसुद्धा. पण मार्चअखेर आली होती, मशीन परत जायचं होतं, आणि ढिवराच्या बांबूवरून खोली बदलतो असं साहेबांना सांगणं मला कमीपणाचं वाटलं. तू तेव्हा बहिणीच्या लग्नाला गेला होतास. परतल्यावरही तुला बोललो नाही. तू काम थांबवलं असतंस, म्हणूनच बोललो नाही.

पाणी मुरमातून निघून गेलं. मासे संपले तशी ढिवरांची घरं मिरची तोडायला आंध्रात जाऊ लागली. इसरूची बायको रुखमा तिकडेच तापाने गेली. हे तुझ्या पडद्यावर नव्हतं, कारण तुला ते कुणी सांगितलंच नाही.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी पळसबोडीच्या तलावावर तुम्ही सगळे फोटो काढत होता, तेव्हा इसरू माझ्याजवळ आला. आवाजही चढवला नाही.

"साहेब, मी तुमाले तवाच सांगतलो होतो. तुमी त्यायले सांगतलं नाई काऊन?"

त्याचं बोट तुझ्याकडे होतं. मग म्हणाला, "आता कोसमटोल्याचा तरी राहू द्या."

कोसमटोल्याच्या तलावात अठरा तारखेला मशीन उतरणार आहे. पुन्हा सगळीकडे एक मीटर. कागदावर सही माझी, तुझ्या प्रशिक्षणाच्या आदल्या आठवड्यातली. माझ्यासारख्याला शिकवायला तू पुण्याहून आलास!

काल इसरूला घेऊन तिथे गेलो. अर्ध्याअधिक जागी बांबूला हातभरावरच पिवळी माती लागली. आज काम थांबवा असा अर्ज कार्यकारी अभियंत्यांना दिला. बांबूवर विश्वास का ठेवायचा, असं त्यांनी विचारलं, म्हणून पळसबोडीचं सगळं लिहून दिलं. साहेब म्हणाले, येत्या मार्चमध्ये निवृत्त होताय, कशाला जुनं उकरता. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. खातूनला अजून सांगितलेलं नाही.

माझ्या अर्जाने मशीन थांबेल असं वाटत नाही. तज्ज्ञ तू आहेस. पंधरा तारखेच्या आत साहेबांना फोन कर. मुजफ्फर म्हणतो ते खरं का, असं ते विचारतील. तू भला माणूस आहेस, जुन्या दोस्तीखातर, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं असं सांगून मला सांभाळून घ्यायला जाशील. तसं केलंस तर माझा अर्ज खोटा ठरेल आणि कोसमटोल्याचीही पळसबोडी होईल. त्यांना स्पष्ट सांग, मुजफ्फरने माझ्यापासूनही लपवलं. त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा मित्र म्हणवून घेण्याचा हक्क गमावलेला,
मुजफ्फर