ऐकणारा

१२ ऑक्टोबर

आले एकदाची कुंभळ्याला. भिवपुरी स्टेशनपासून रिक्षेने, मांडीवर जास्वंदीचं रोप आणि पायाशी औषधांची पेटी. गुरांच्या दवाखान्याला बऱ्याच काळाने डॉक्टर मिळाल्यामुळे रस्त्यात भेटेल तो माझ्या तोंडाकडे बघून खूश होत होता. मीही खूश आहे. मुद्दाम लिहून ठेवते, कारण माणूस खूश असला की लिहायचं विसरतो.

दवाखान्यामागे दोन खोल्या. खिडकीतून पिवळं पडत चाललेलं भात, त्यामागे डोंगर, डोंगरावरून अजून एक बारीक धार पडते आहे. शेजारी हरेशचा म्हशींचा गोठा. हा माणूस शिकलेला, कर्जतला दूध घालतो, बोलायला मोकळा. त्याच्या आईने, सोनुबाईंनी, भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली. दोन माणसांचं जेवण एकटीने संपवलं.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर उंबराखाली एक काळा दगड आहे. शेंदूर नाही, फूल नाही, दिवा नाही. पण येणारा-जाणारा तिथे हात जोडतो आणि पुटपुटतो. कान देऊन ऐकलं. "काय नको." एवढंच म्हणतात. हरेशने सांगितलं की ह्याला ऐकणारा म्हणतात. तिथून जाताना मनात काही आलं तर तो ते ऐकतो आणि देतो, म्हणून आधीच सांगून टाकायचं, काही नको. मी हसले. म्हटलं, मी कुणालाच हात जोडत नाही. हरेशही हसला. त्याच्यामागे उभ्या असलेल्या सोनुबाई हसल्या नाहीत.

"मानू नको गं बाय," त्या म्हणाल्या. "पन नको म्हन."

नको म्हणायचं तर समोर देणारा कुणीतरी आहे असं धरून चालावं लागतं. मी ते धरून चालत नाही.

१४ ऑक्टोबर

हरेशने आज विचारलंच की देवाने तुमचं काय वाकडं केलं. लोकांना वाटतं की नास्तिक माणूस म्हणजे रुसलेला माणूस. मी त्याला बाबांचं सांगितलं. बाबांची रोजची पूजा कधी चुकली नाही. शेवटच्या आजारात त्यांना बसवत नव्हतं, तरी पलंगावर उशी टेकून ते हात जोडायचे. दुखणं कमी व्हावं एवढंच मागायचे. ते कमी झालं नाही. मला राग आला नाही. मला फक्त एवढं दिसलं की हा माणूस आयुष्यभर एका नंबरावर फोन लावतो आहे आणि पलीकडे कुणी राहतच नाही. त्यांच्या तेराव्यालाही मी हात जोडले नाहीत. नातेवाईकांनी नावं ठेवली. ठेवू देत.

हरेश म्हणाला, की तुमचे बाबा ज्याला बोलवत होते तो वेगळा आणि हा वेगळा. मी विचारलं, फरक काय? तो दुधाच्या किटल्या उचलायला निघून गेला.

१७ ऑक्टोबर

हरेशची म्हैस अडली होती. सकाळपासून कळा देत होती, रेडकाची मान मागे वळलेली. हात घालून मान सरळ केली, ओढून काढलं, तेव्हा ते मेलेलं होतं. हे मी खात्रीने लिहिते. ठोका नाही. बुबुळाला बोट लावलं तरी पापणी हलली नाही. जीभ गार. म्हशीसाठी आणखी कॅल्शियम आणायला दवाखान्यात गेले. उंबराखालून जाताना मनात आलं, जगायला हवं होतं बिचारं. बस, एवढंच.

परत आले तर रेडकू उभं होतं.

माझी तपासणी चुकली असणार. चुकते. पण हरेशला आनंद झालेला दिसला नाही आणि सोनुबाईंनी मला एकच विचारलं, की वाटेत नको म्हणालीस का? नाही म्हटलं. त्या रेडकाकडे बघत दोन पावलं मागे सरकल्या.

२० ऑक्टोबर

रेडकू दूध पीत नाही. पुढचे दोन्ही गुडघे टेकून, मान खाली घालून, उंबराच्या दिशेला तोंड करून बसतं. उचलून फिरवलं की पुन्हा तिकडेच वळतं. पायात दोष नाही, सांधे चांगले आहेत. म्हैस त्याला चाटत नाही. जवळ नेलं तर बाजूला होते.

वरच्या ठाकरवाडीतून नंदा तिची शेळी घेऊन आली होती. पोट फुगून शेळी दवाखान्याच्या फाटकातच, उंबराखाली कोसळली. सुई घालून हवा काढली, उशीर झाला होता. नंदा एकटी बाई, मुलगी बुधी लहान, चार शेळ्यांवर घर चालतं. मला वाटलं, हिची तरी वाचावी.

वाचली. आता तीही गुडघ्यांवर आहे.

२३ ऑक्टोबर

चूक एकदा होते. दोनदा झाली तर ती तपासायची असते. मी तपासलं.

दुपारी, लख्ख उन्हात, हरेशला रेडकाजवळ उभा करून मी उंबराखाली गेले. हात जोडले नाहीत. हरेशला आणि दगडाला, दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, रेडकू नको. गोठ्यातून हरेशची हाक आली. रेडकू आडवं पडलं होतं. पोट फुटलेलं, अंगावर किडे, जन्मतानाच मेलेलं जनावर इतके दिवस उन्हात राहिल्यावर जसं होईल तसं. हरेश बाहेर जाऊन ओकला.

म्हणजे माझी तपासणी चुकली नव्हती.

डोकं शाबूत आहे. मी नेहमी म्हणत आले की पुरावा दाखवा, मानीन. पुरावा मिळाला. इथे काहीतरी आहे. ते ऐकतं. मग बाबांचं का नाही कुणी ऐकलं? आणि ऐकणारा जर हा असला, तर बाबांचं कुणी ऐकलं नाही हेच बरं झालं का?

आजपासून मीही ह्या वाटेने जाताना काय नको म्हणणार. गावाला मी भाबडं समजत होते. ही माणसं इथे भक्ती करत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या दारातून परत पाठवताहेत त्याला.

२६ ऑक्टोबर

बुधीला भात कापताना घोणस चावली. नंदा तिला उचलून पळत माझ्याकडेच आली, सगळ्यांत जवळ मी. पाय बांधून स्थिर केला, हरेशचा टेंपो काढला, मागे मी आणि नंदा, मांडीवर पोर. फाटकातून बाहेर पडतानाच बुधीचा श्वास थांबला. मी छाती दाबत होते. उंबर डोक्यावर होता. काय नको म्हणायचं मला माहीत होतं, तोंडातही आलं होतं.

पण म्हटलं नाही. सात-आठ वर्षांचं पोर हाताखाली गार पडत असताना नको कसं म्हणायचं?

कर्जतच्या वाटेवर, दहिवलीच्या अलीकडे तिने डोळे उघडले.

२९ ऑक्टोबर

कर्जतच्या डॉक्टरांनी सोडलं. दात लागलेत, विष मात्र कुठे दिसत नाही, नशीबवान आहे म्हणाले.

बुधी घरी आल्यापासून अंगणात गुडघे टेकून बसली आहे. हात जोडलेले. तोंड खाली, आमच्या उंबराकडे. खात नाही. पाणी ओठांवरून ओघळून जातं. नंदाने हात सोडवायचा प्रयत्न केला तर बोटांतून कट्‌ असा आवाज आला, तेव्हा तिने सोडून दिलं. नंदा माझ्यावर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बाय, तू तं वाचवलंस."

उंबराखाली जाऊन नको म्हटलं तर पोर जाईल. रेडकासारखी जाईल. तो शब्द मला आता वापरता येत नाही.

३१ ऑक्टोबर

सोनुबाईंना जाऊन विचारलं, उपाय काय. त्यांनी आधी देवघरातला दिवा लावला, मग बोलल्या. ज्याने मागून घेतलं त्याने वाकायचं असतं. तो वाकला नाही तर दिलेलं वाकतं, गहाण ठेवल्यासारखं. मी म्हटलं, मी मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मनात आणलंस ना, त्याला तेवढं पुरतं.

मग मी विचारलं, तुम्ही तर देव मानता. हा कसला देव?

"ह्यो देव नाय गं बाय," त्या म्हणाल्या. "देव वसुली करत नाय. आमी त्याला देव म्हंतो, त्यानं गप बसावं म्हनून."

इतक्या दिवसांत प्रथमच मला आणि कुणा आस्तिक माणसाला एकच गोष्ट पटली होती.

१ नोव्हेंबर

गेले. दुपारी. सोनुबाई फाटकाशी उभ्या होत्या. मी मोठ्याने बोलले, म्हणून इथे जसंच्या तसं लिहिते.

"तू आहेस, मला मान्य आहे. डोळ्यांनी पाहिलं ते मी नाकारत नाही. पण असणं म्हणजे देव असणं नव्हे. घोणसही असते. पोरीसाठी हात जोडते आहे. हात घे. बाकी काही मिळणार नाही."

आणि जोडले. मोठेपणी पहिल्यांदाच. दगड तसाच होता. माझ्याच तळव्यांमध्ये मात्र घाम सुटला, आणि तो घाम गार होता.

थोड्या वेळाने वाडीवरून नंदाची हाक आली. बुधी उठली होती आणि भात मागत होती.

मला हसू येत होतं आणि रडूही. हात सोडवले तेव्हा कातडी चिकटल्यासारखी ओढली गेली. घामाने असेल.

२ नोव्हेंबर

भांडी घासताना ताट पडलं. बघितलं तर हात जोडलेले. मी जोडले नव्हते. सोडवले. चहा गाळताना पुन्हा. बैलाला इंजेक्शन देताना पुन्हा, सुई शेणात. हरेशने बळजबरीने कर्जतला नेलं. फोटो काढले. हाडं ठीक, नसा ठीक. गाव मागे पडलं तरी हात गावाकडेच वळत होते.

३ नोव्हेंबर

आता सुटत नाहीत. पेन दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून लिहिते आहे, अक्षर लहान मुलाचं आलं आहे. सोनुबाई भरवतात. माझ्यासाठी देवाकडे मागू का, असं त्यांनी विचारलं; मी नको म्हटलं, तर त्या मागत नाहीत. ह्याचं फार बरं वाटलं.

बुधी आईबरोबर आली होती. उंबराखालून पळत गेली आणि पळता पळताच ओरडली, काय नको. खणखणीत. तिला पळताना पाहिलं. जोडलेल्या हातांची खंत नाही.

४ नोव्हेंबर

आज दुपारी पुढच्या खोलीतून बाबांचा खोकला ऐकू आला.

त्याला कळलं आहे मला काय हवं ते. दार अर्धं उघडं होतं. फटीतून दिसलं, गुडघे टेकलेले, पाठ माझ्याकडे, बाबांचाच सदरा—

मी भिंतीकडे तोंड करून म्हणत राहिले, हे नको. बाबा नकोत. पोर सोडून बाकी काय नको, काय नको. किती वेळ ते माहीत नाही. खोकला थांबला. मग काहीतरी धपकन खाली पडलं. वास आला. मी बघितलं नाही. हरेशला बोलावून खोली धुऊन घेतली. त्याने काहीतरी गोणपाटात गुंडाळून बाहेर नेलं.

ज्या माणसाला दुखणं कमी व्हावं एवढंच हवं होतं, त्याला ह्याने गुडघ्यांवर—

हे मी विसरणार नाही.

५ नोव्हेंबर

गुडघे. उभं राहता येत नाही. जमिनीवर वही ठेवून—

वरच्या ओळीनंतर "तू दयाळू आहेस" असं लिहिलं गेलं होतं. माझ्या हातांनी. मी नाही. दातांनी तेवढा कागद फाडला.

हात दिले होते. त्याला आता बाकीचंही हवं आहे.

सोनुबाई म्हणतात, नुसतं मानते म्हण. खोटं खोटं म्हण. त्यांचा जीव तुटतो. पण तो मनातलं ऐकतो. खोटं त्याला चालत नाही. म्हणजे ते मानणं माझ्याकडेच आहे अजून. त्याला घेता येत नाही, मलाच द्यावं लागतं.

६ नोव्हेंबर

डोकं खाली ओढलं जातंय. कपाळ वहीला टेकतं—

"मानते" लिहिलं गेलं. खोडलं. पुन्हा लिहिलं गेलं. पुन्हा खोडलं. तो जोरात आहे. मी हट्टी आहे.

बाहेर बुधीचा आवाज. शेळ्यांना हाकते आहे. बरी आहे.

७ नोव्हेंबर

पेन बोटांतून निसटतं. दातांत धरलं आहे.

ऐक. तू ऐकतोस ना. मग हे ऐक. तू आहेस. तू देतोस. तू माझ्यापेक्षा ताकदवान आहेस. सगळं खरं. तरीही मी तुला देव मानत