सिद्धांताचा तास

सर, गेल्या शुक्रवारी मी ख्रिस्ती सिद्धांताचा शेवटचा तास घेतला आणि निवृत्त झालो. हार घातले, दोन भाषणं झाली, चहा झाला. घरी येऊन बूट काढायला बसलो तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली. दमलो आहे. नुसते पाय दमले असते तर झोपून उठल्यावर बरं वाटलं असतं.

कळमेश्वरकडच्या खेड्यातून मी तुमच्या बायबल कॉलेजात आलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. चॅपलमधला माझा पहिला उपदेश मी पुस्तकांतून जड शब्द वेचून लिहिला होता. तो ऐकून तुम्ही मला रविवारी क्वार्टरवर जेवायला बोलावलंत. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तुमच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो, चुलीपाशी भाकरी थापताहेत, तुम्ही पाटावर बसून तांदूळ निवडताय आणि मला म्हणताय, तोच उपदेश आता बाईंना सांग. मी सुरुवात केली. दोन वाक्यांवरच तुम्ही मला थांबवलंत.

"तुह्या मायले समजलं असतं का गा हे?"

माझी माय लोकांच्या वावरात निंदणीला जायची. मी नाही म्हणून मान हलवली. "मग कोणासाठी बोलून राहिला तू?" एवढंच म्हणालात आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागलात. वर्गात तुमची मराठी छापील असायची. मनातलं काही सांगायचं असलं की तुम्ही आपल्या बोलीवर यायचात, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे तुम्हीच शब्द टाकलात म्हणून मला कॉलेजातच शिकवायची नोकरी लागली. आणीबाणी उठली त्या वर्षी मी तुमच्या तासाला मागच्या बाकावर बसत होतो, शिकवायचं कसं ते बघायला. विषय तारणाचा होता, कोण तरतं आणि कोण नाही याचा. एक विद्यार्थी उठला. त्याच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि थोड्याच दिवसांत ते वारले. येशूची सुवार्ता त्यांच्या कानी कधी पडलीच नव्हती. त्यानं विचारलं, "सर, माझे आजोबा आता कुठं आहेत?" तुम्ही खडू खाली ठेवलात. मग म्हणालात, "मले माहीत नाही गा. ज्याले माहीत आहे तो दयाळू आहे, येवढं मले माहीत आहे."

आठ दिवसांत कॉलेजच्या कमिटीकडे निनावी तक्रार गेली. तीत लिहिलं होतं की विश्वासाची गरजच नाही, सगळेच तरतात, असं तुम्ही शिकवता. विद्यार्थ्यांना विचारायचं नाही असं कमिटीनं ठरवलं. वर्गात दुसरं मोठं माणूस मीच होतो, म्हणून मला बोलावलं. मला क्वार्टर नुकतंच मिळालं होतं, बायकोला सातवा महिना होता. अध्यक्षांनी विचारलं, सर नेमकं काय म्हणाले? तुमची दोन्ही वाक्यं मला तोंडपाठ होती. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं." तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसला होतात. माझ्याकडे बघितलंत, मग टेबलाकडे.

सिद्धांताचा तास तुमच्याकडून काढला आणि मला दिला. तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना ग्रीक अक्षरं गिरवून घ्यायला लागलात. जूनमध्ये तुम्ही सायकलला कापडी पिशवी अडकवून माझ्या दारात आलात. पिशवीत तुमच्या इतक्या वर्षांच्या टिपणांच्या वह्या होत्या. "चौथा धडा कच्चा आहे, तो तू नीट कर," म्हणालात. पाणी प्यायलात, बाळाला बघितलंत आणि गेलात. त्या वह्यांवर मी तीस वर्षं शिकवलं. चौथ्या धड्याला मी हात लावला नाही.

तुम्ही धंतोलीतल्या दवाखान्यात होतात तेव्हा सांगायचं ठरवूनच मी आलो होतो. तुमचे हात खूप वाळले होते. मी म्हणालो, "सर, तुम्हाला काही सांगायचं होतं." तुम्ही म्हणालात, "आधी सांग, पोरं प्रश्न विचारतात का?" मी हो म्हणालो. खरं तर विचारत नव्हते. मला बघून कोणी विचारलं नसतं. तेवढ्यात नर्स आली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी तुमच्या अंत्यविधीला बोलायला मलाच उभं केलं. मी चांगलं बोललो. लोक रडले.

बाई आता खापरखेड्याला लेकीकडे असतात. नव्वदीला टेकल्या आहेत, दिसत नाही. दर नाताळला मी जातो, शास्त्रातला एखादा अध्याय वाचून दाखवतो, आणि त्या तुमची आठवण काढून म्हणतात, "यायच्या वर्गातलं सांग नं काही." मी तांदळाची गोष्ट सांगतो. हे पत्र पोस्टात टाकण्यासारखं नाही, पण बाईंना वाचून दाखवता येईल, असं लिहिताना एकदा मनात आलं. मग बेत सोडला. बाई रागावतील याची भीती नाही. वाचणारा मीच असणार, आणि कमिटीच्या खोलीपाशी आलो की मी माझं ते एक वाक्य गाळून पुढं जाईन, हे मला माहीत आहे.