कटिंग कोण करणार

३ डिसेंबर

बँकवाली आली होती. दर डिसेंबरला येते, कटिंगच्या टेबलाशी बसते आणि पुढच्या वर्षाचं विचारते – किती कोट शिवणार, कापड कधी भरणार, बँकेने किती उचल द्यायची. पोरगी गोड आहे, पण प्रश्न वकिलासारखे.

"काकू, पुढच्या वर्षी कटिंग कोण करणार?"

"हेच. दुसरं कोण?"

हे समोरच खडूचे तुकडे रंगाप्रमाणे लावत बसले होते. मान वर केली नाही. मी चहा ठेवायला उठले. तोंड लपवायला चहा बरा पडतो.

५ डिसेंबर

दोन कोटांच्या चार बाह्या कापल्या ह्यांनी. चारही डाव्या! "छान झाल्यात," म्हटलं. ते घरी आंघोळीला गेल्यावर उरलेल्या कापडातून दोन उजव्या काढल्या, आतून जोड देऊन.

तेही ह्यांच्याच कात्रीने. हे डावखुरे, कात्रीही डावखुरी. दुसरी कात्री दुकानात कधी आलीच नाही, कारण ह्यांनी कापायचं आणि मी शिवायचं हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. माझ्या उजव्या हातात ती कापड चावत बसते. अंगठ्याला हा मोठा फोड आलाय.

६ डिसेंबर

"अंगठ्याला काय झालं गं?" सुई टोचली, म्हटलं.

थोड्या वेळाने ह्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सुई टोचली.

११ डिसेंबर

बँकवाली आराखडा घेऊन आली. हे घरी झोपले होते. तिने पुन्हा तोच विषय काढला आणि मी तडकले. म्हटलं, ह्या गावातले अर्धे नवरदेव त्यांच्या हातचा कोट घालून उभे राहिलेत, तुझा बापसुद्धा! आणि बोलता बोलता रडायलाच लागले. लाज वाटली नाही. सगळं सांगितलं – बाह्या, अंगठा, डॉक्टर काय म्हणाले ते. फक्त ह्यांना कळू द्यायचं नाही, म्हटलं. त्यांना वाटतंय सगळं ठीक चाललंय.

तिने आराखड्याची कडा दुमडली. मग म्हणाली, "काकू, काका उन्हाळ्यात एकटेच बँकेत आले होते. म्हणाले, माझ्या हातून आता कापणं होणार नाही. तिला मी सांगू शकत नाही, ती माझी बाजू घेऊन माझ्याशीच भांडेल. वर्षअखेरीला तू हळूच विषय काढ."

म्हणजे उन्हाळ्यापासून ते मला फसवतायत. आणि मी त्यांना.

१२ डिसेंबर

जाब विचारायचा ठरवून उठले. हे आरशासमोर होते, शर्टाची बटणं वर-खाली लावलेली. ह्यांनी! ज्यांनी कधी कोणाचा काज इकडचा तिकडे होऊ दिला नाही. मी पुढे होऊन बटणं नीट लावली. फार जीव तुटला.

१९ डिसेंबर

आराखड्यावर सही केली. कटिंग – मी.

२३ डिसेंबर

कात्री घडवणाऱ्याकडून पार्सल आलं. ह्यांच्या नावाचं. आत पावती – ह्यांनीच उन्हाळ्यात सांगून ठेवलेलं, पैसेही भरलेले.

उजव्या हाताची कात्री. माझा अंगठा अलगद बसला.

ह्यांनी हातात घेऊन पाहिली. ह्यांना ती धरता येईना.

"कोणाची गं ही?"

"माझी."

"चांगली आहे," म्हणाले. "कोणी दिली?"